बोटांना कळलेले गणित

आपल्या वसईच्या घराघरांत गणित पूर्वापार हातांनी केले जाई. केळीच्या घडाला किती फण्या लागल्या, पाटीत भाजीच्या किती जुड्या मावल्या, गजऱ्याला मोगऱ्याच्या किती कळ्या लागतील, हे कागदावर मांडून पाहण्याची कुणाला गरज वाटत नसे. पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठणाऱ्या आमच्या आज्या-मावश्यांपैकी कित्येकींनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. परंतु ‘तीन विसा आणि पाच’ असे म्हणत त्या पासष्ट नग बिनचूक मोजून देत. चार बोटांची तीन-तीन पेरे मिळून बारा होतात. अंगठा त्या पेरांवरून एकदा फिरला की डझन पुरा झाला. ज्ञान आधी हातात येई आणि मग ओठांवर.

शाळेने हा क्रम उलटा केला. तिथे संख्या आधी फळ्यावर येते, मग वहीत, मग परीक्षेत. बहुतेक मुले हा प्रवास कशीबशी पार करतात, कारण दोन्ही टोके जोडण्याचे काम त्यांचे मन आपोआप करीत असते. काही मुलांच्या बाबतीत मात्र हा दुवा निखळतो. कुणाला डाऊन सिंड्रोम असतो, कुणी स्वमग्न असते, कुणाच्या हातापायांवर सेरेब्रल पाल्सीने ताबा मिळविलेला असतो. कुणी दिसायला-बोलायला चारचौघांसारखेच असते, पण अंक दिसला की त्याच्या डोळ्यांपुढे धुके दाटते. या शेवटच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने विकलांगतेचे एकवीस प्रकार मान्य केले. १९९५ च्या कायद्यात ते केवळ सात होते. नव्या यादीत स्वमग्नतेबरोबर अध्ययन-अक्षमतेलाही प्रथमच स्थान मिळाले. कायद्याने आपले काम केले. प्रश्न उरतो तो आपल्या घरांचा आणि वर्गांचा.

प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षे शिकविल्यानंतर मी निवृत्त झाले. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी चर्चच्या आवारातील एका जुन्या खोलीत सात-आठ मुले घेऊन बसते. तिथे फळा नाही. वह्या आहेत, पण त्या शेवटी उघडायच्या. बाकी सारे सामान घरातले आणि परसातले.

पहिल्याच वर्षी एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. म्हणाले, “बाई, दरवर्षी पास होऊन चौथीत गेलाय. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो. पण सात मोठे की नऊ मोठे विचारले, तर नुसता माझ्या तोंडाकडे बघतो.” मी मुलापुढे बाटल्यांची सात बुचे ठेवली. त्याने बोट लावत ‘एक, दोन, तीन’ करीत सातपर्यंत नीट मोजले. “मग किती झाली रे?” असे विचारताच त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली. चार वेळा विचारले, चारही वेळा तेच झाले.

या मुलाला अंकांचे गाणे येत होते, संख्या येत नव्हती. रोशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टल या अभ्यासकांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्याविषयी एक ग्रंथ लिहिला. मोजणे ही एक क्रिया नसून त्यात अनेक तत्त्वे गुंफलेली असतात, असे त्यांनी त्यात दाखविले. प्रत्येक वस्तूला एकच नाव द्यायचे. नावांचा क्रम बदलायचा नाही. शेवटी उच्चारलेले नाव हे त्या एका वस्तूचे नसते, ते साऱ्या समूहाचे असते. मोजण्याची सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर बदलत नाही. आणि मोजता काहीही येते. आपल्याला ही तत्त्वे इतकी अंगवळणी पडलेली असतात की ती शिकावी लागतात याचेही आपल्याला विस्मरण होते. त्या मुलाचे तिसरे तत्त्व अडले होते, आणि त्याच्यावर चौथीचा गुणाकार-भागाकार येऊन कोसळला होता.

त्याच्यासाठी मी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेतला. तीस अंड्यांच्या ट्रेमध्ये पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळी कापल्या की दहा खळग्यांचे तीन तुकडे होतात. या तुकड्यात सात बुचे ठेवली की एक ओळ भरते आणि दुसऱ्या ओळीत दोन बसतात. तीन खळगे रिकामे राहतात. सात या संख्येला आता एक रूप आले. ते न मोजता ओळखता येते, जसा आपण फाशावरचा पाच ओळखतो. नऊ शेजारी ठेवला की त्याची ओळ जवळजवळ पुरी, केवळ एक खळगा मोकळा. कोण मोठे, हा प्रश्न विचारावाच लागत नाही. तीन आठवड्यांनी तो मुलगा खळग्यांकडे पाहून म्हणाला, “दहाला तीन कमी.” मी त्याला वजाबाकी हा शब्दही अद्याप सांगितला नव्हता.

हे सारे नवे आहे असे मात्र कुणी समजू नये. ज्या साधनांनी आज शहरांतील महागड्या बालवाड्या सजलेल्या दिसतात, त्यांचा जन्म उपेक्षित मुलांसाठीच झाला होता. एदुआर सेगँ (१८१२–१८८०) या फ्रेंच वैद्याने ‘यांना शिकविता येणार नाही’ असे जगाने ठरविलेल्या मुलांना स्पर्शातून आणि हालचालीतून शिकविले. त्याचे लेखन डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी बारकाईने अभ्यासले. रोममध्ये १९०० साली अशा मुलांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी जी शाळा निघाली, तिची धुरा त्यांनी सांभाळली. मनोरुग्णालयातून आलेली काही मुले वाचू-लिहू लागली आणि सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्णही झाली. लोकांनी कौतुक केले. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुले येथवर येऊ शकतात, तर निरोगी मुलांना शाळा इतके मागे का ठेवते? त्या प्रश्नातून ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले.

१९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने भारतातच राहिले. परंतु त्यांच्या विचारांना आपल्या मातीत रुजविले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आजच्या आपल्याच पालघर जिल्ह्यात, आदिवासी मुलांसाठी त्यांनी बालवाड्या चालविल्या. विलायती लाकडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. माझ्या शनिवारच्या खोलीतील पाटीभर सामानाची वंशावळ अशी आहे.

त्यातले एक साधन मला विशेष प्रिय आहे. मॉन्टेसरीबाईंच्या पेटीत शून्य ते नऊ असे दहा कप्पे असतात आणि बरोबर पंचेचाळीस लाकडी चात्या. मी दहा वाट्या घेते आणि माडाच्या झावळीचे पंचेचाळीस हीर, एकसारखे कापलेले. वाटीवर लिहिलेल्या अंकाइतके हीर मोजायचे, हातात घेऊन त्यांची जाडी अनुभवायची आणि वाटीत ठेवायचे. शून्याची वाटी रिकामी राहते. ‘काहीच नाही’ हे लिहून समजाविणे किती अवघड! इथे ते डोळ्यांना दिसते. अखेरीस एक हीर उरला किंवा कमी पडला, तर कुठेतरी गफलत झाली हे मुलाला स्वतःलाच कळते. वर्षानुवर्षे लाल शाईच्या फुल्या पाहिलेल्या मुलाला, चूक दाखविणारे माणूस समोर नसणे ही केवढी सुटका असते, ते त्याच्या चेहऱ्यावर वाचावे.

पुढची चढण आपल्या भाषेनेच घातलेली आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. कान जे ऐकतो ते हात लिहितो, आणि पंचविसाचे बावन्न होतात. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. पण ऐकणाऱ्या मुलाला त्यात ‘तीस’ ऐकू येते आणि तो ३ लिहून मोकळा होतो. बरे, एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी सवय लावावी, तर पुढे नव्याण्णव वेगळीच चाल धरतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी नावे रूढ नावांच्या जोडीला आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी त्यामागचा विचार शांतपणे समजावून सांगितला होता. भाषेच्या सौंदर्याचा प्रश्न विद्वानांनी सोडवावा. माझ्या खोलीत मात्र आम्ही ‘वीस आणि पाच’ असेच म्हणतो, आणि ते पक्के झाले की ‘यालाच पंचवीस म्हणतात’ असे सांगतो. ‘तीन विसा आणि पाच’ म्हणणाऱ्या आमच्या आज्यांनीही मोठा गट आधीच उच्चारला होता, नाही का?

दहाचा गट हीच प्राथमिक गणिताची कळ आहे. तिथे अनेकजण एक घाई करतात: मुलाला लगेच पैशांनी शिकवू लागतात. दहा रुपयांच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत. ते आहेत असे मानावे लागते. ज्याची कल्पनाशक्ती इथेच अडखळते, त्याला नोट हा केवळ रंगीत कागद असतो. म्हणून आधी हिरांची मोळी: दहा हीर मोजायचे, रबराने बांधायचे, ‘एक दहा’ म्हणायचे. शंका आली तर रबर काढून पुन्हा मोजता येते. मग दहा मणी ओवलेली तार. ती सोडता येत नाही, पण मणी दिसतात. आणि अखेरीस नोट, जिच्यात काहीच दिसत नाही. या तीन पायऱ्या चढायला एखाद्या मुलाला एक महिना लागतो, एखाद्याला दोन वर्षे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला चार वर्षे लागली. तिला डाऊन सिंड्रोम आहे. एका शाळेने ‘आमच्याकडे सोय नाही’ असे सांगून तिला परत पाठविले होते; दुसरीने घेतले, पण शेवटच्या बाकावर बसवून ठेवले. नवव्या वर्षी तिला दहा आणि तीन मिळून किती हे सांगता येत नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात, संध्याकाळच्या रोझरीच्या वेळी, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती माझ्या आईशेजारी आपली छोटी माळ घेऊन बसे. तिचे शब्द अस्पष्ट. पण दहावा मणी सरला की तिचे बोट त्या मोकळ्या जागेवर थांबे आणि पुढच्या सुट्या मण्यावर येताच ती आजीच्याही आधी प्रभूची प्रार्थना सुरू करी. पाचही वेळा तिचे बोट जागच्या जागी. जो दहा तिच्या वहीत वर्षभर उतरला नव्हता, तो तिच्या बोटांत केव्हाच येऊन राहिला होता!

जपमाळ ही प्रार्थनेसाठी. तिची पाटी करणे माझ्या आईला रुचले नसते आणि मलाही नाही. म्हणून मी दुसरी माळ ओवली. शंभर लाकडी मणी: दहा तांबडे, दहा पांढरे, पुन्हा दहा तांबडे. अशीच ‘गणितमाळ’ दिल्लीच्या ‘जोडो ग्यान’ या संस्थेने शाळाशाळांतून वापरात आणली आहे, हे मला मागाहून कळले. दोरी भिंतीवर आडवी बांधली आणि कपड्यांचा चिमटा दिला. चौतीस दाखव म्हटले की तीन रंग ओलांडायचे, पुढचे चार मणी सरकवायचे आणि चिमटा लावायचा. एकोणतिसाच्या पुढे एकच मणी सरकविला की रंग संपतो. ‘तिसाला एक उणा’ म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांना भिडते. ती मोजताना ओठ हलवी, मग ओठ थांबले, मग केवळ नजर रंगांवरून फिरू लागली.

प्रत्येक मुलाची वाट अर्थातच निराळी. एका मुलाच्या बोटांना चिमूट धरता येत नाही. त्याच्यासाठी बुचांच्या जागी नारळाच्या करवंट्या आहेत, आणि ताट घसरू नये म्हणून खाली ओले फडके. तोही थकला की मी दोन बाजूंना दोन अंक धरते आणि तो डोळ्यांनी उत्तर देतो. त्याचे गणित इतरांपेक्षा सरस आहे. हात त्याला साथ देत नव्हते एवढेच. दुसरा मुलगा स्वमग्न आहे. त्याला चिकट-खरखरीत काहीही सोसत नाही, पण विरार लोकलवर त्याचा जीव आहे. म्हणून आम्ही काड्यापेट्यांच्या दोन गाड्या केल्या, एक बारा डब्यांची आणि एक पंधरा डब्यांची. दोन्ही शेजारी उभ्या केल्या की मागचे तीन डबे बाहेर राहतात. हा फरक त्याने स्वतः शोधला, आणि त्या दिवशी प्रथमच माझा हात धरून मला दाखविला.

इथे एक सत्य स्पष्ट सांगितले पाहिजे. साधने म्हणजे जादू नव्हे. माझ्याकडे एक मुलगा सहा वर्षे येत आहे आणि त्याची मजल पाचापर्यंतच आहे. कदाचित ती पुढे जाणार नाही. परंतु त्याच्या घरी पाच माणसे आहेत. रात्री तो पाच ताटे मांडतो, पाच पेले ठेवतो, आणि पाहुणा आला तर ‘अजून एक’ म्हणून स्वयंपाकघरात जातो. त्याची आई मला सांगत होती, “बाई, तो ताटे मांडायला लागल्यापासून घरातले त्याला हाक मारून जेवायला बोलावीत नाहीत, तोच आम्हाला बोलावतो.” या वाक्यापुढे प्रगतिपुस्तकाने काय बोलावे?

माझ्या बहिणीचा प्रश्न याहून कठीण होता. एका रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, “ताई, आम्ही दोघे गेल्यावर हिच्या हातावर कुणी पन्नासऐवजी वीस ठेवले, तर हिला कळेल का गं?” दिव्यांग मुलांच्या आईबापांच्या काळजाच्या तळाशी हाच एक प्रश्न असतो. मोठमोठ्या गणितांची त्यांना आस नसते. आपल्यामागे आपले मूल फसविले जाऊ नये, एवढेच त्यांचे मागणे.

आज ती मुलगी बावीस वर्षांची आहे. घरच्या चाफ्याची दहा-दहा फुले पानात बांधते आणि रविवारी आपल्या आईसोबत रस्त्याकडेला विकायला बसते. तिच्या कापडी पिशवीला मी तीन कप्पे शिवून दिले आहेत, दहाचा, विसाचा आणि पन्नासाचा. आठ साते किती ते तिला येत नाही. बहुधा येणारही नाही. मात्र मागल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने घाईत चाळीसच्या ठिकाणी तीस रुपये ठेवले आणि तो निघाला, तेव्हा तिने नोटा पुन्हा हातावर मांडल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “काका, एक दहा कमी आहे.” त्याने खजील होऊन दहाची नोट दिली. माझी बहीण तोंड फिरवून फुलांवर पाणी शिंपडीत राहिली.

अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. पैसा मोबाइलमध्ये शिरल्यापासून घरांतून नाणी-नोटा दिसेनाशा झाल्या आहेत. दुकानात जाऊन पाच रुपये देणे आणि दोन परत आणणे, ही जी रोजची शाळा होती ती बंद पडत चालली आहे. हुशार मूल त्यातून निभावून जाईल. परंतु ज्याला हातानेच शिकता येते, त्याचे पुस्तकच आपण नकळत काढून घेत आहोत.

म्हणून माझी आपल्या कुटुंबांना विनंती आहे. अशा मुलाला शिकवणी लावण्यापूर्वी घरातले एक मोजण्याचे काम त्याच्या नावे करा. कोंबड्यांची अंडी त्याने गोळा करून ट्रेमध्ये लावावीत. पावाची लादी त्याने सर्वांना सारखी वाटावी. कपडे वाळत घालताना चिमटे त्याने द्यावेत. आठवड्यातून एकदा तरी हातात रोख पैसे देऊन त्याला दुकानात धाडावे, आणि दुकानदारालाही सांगून ठेवावे, “घाई करू नका, त्याला मोजू द्या.” बोटांवर मोजले म्हणून रागावू नये, बोटे देवाने दहाच दिली आहेत, ती काही उगाच नव्हेत. उत्तर चुकले तर बरोबर उत्तर सांगण्याची घाई करू नये. ‘पुन्हा हातात घेऊन बघू’ एवढेच म्हणावे.

आणि धर्मग्रामातील आपण इतरांनी? फुले घेताना, सण-समारंभात खुर्च्या मांडताना, मेणबत्त्या वाटताना, अशा एखाद्या मुलाच्या हाती काम द्यावे आणि ते पुरे होईपर्यंत थांबावे. त्याच्या मोजण्याला आपल्यापेक्षा दोन मिनिटे अधिक लागतात. तेवढ्या दोन मिनिटांची उसंत आपल्यापाशी असावी, एवढीच अपेक्षा.